पाच सूत

पाऊस लागला की आमच्या घराचा मागचा दरवाजा उंबऱ्याला घासू लागतो. राजघाटाच्या चढावरचं जुनं घर, वडिलांच्या हातचं सागवानी दार. पहाटे मी तापीकडे निघालो की त्या आवाजाने आळीला कळतं, मास्तर उठले. शेजारी दर वर्षी विचारतात, "मास्तर, स्वतःच्या दारावर दोन हात रंधा मारायला काय जातं तुमचं?" मी मारत नाही. सागाची फळी ओलाव्याने रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाहीच. आषाढात तासून मोकळं केलेलं दार माघात फट दाखवतं आणि त्या फटीतून नदीवरचा वारा थेट अंथरुणात येतो. वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "दिवाळीनंतर या. तोवर घासू द्या." गिऱ्हाईक चडफडत जायचं. दिवाळीनंतर त्यातली निम्मी परत यायचीच नाहीत, कारण दार आपोआप सुटलेलं असायचं. धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला वाईटच.

बुऱ्हाणपूर तसं दरवाजांचंच गाव. शनवारा, शिकारपुरा, पत्ता सांगायचा तर आम्ही आधी वेस सांगतो, मग गल्ली. आत वाडे आणि हवेल्या. त्यांची दारं उतरवण्यात, चढवण्यात वडिलांचा जन्म गेला. मी पुढे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. नव्या पोरांना पहिल्याच महिन्यात सांगायचो, बिघडलेलं दार तीन तऱ्हांचं. फळी आडवी वळली तर ती पन्हळ. उभी धनुष्यासारखी झाली तर तो वाक. आणि तीन कोपरे एका पातळीत, चौथा एकटाच बाहेर, तर तो पीळ. पन्हळ आणि वाक यांना इलाज आहे. पिळाला मात्र माणूस आधी शिव्या देतो, मग रंधा मारतो, आणि दार वाया घालवतो.

हे ज्ञान मला विमानाला वापरावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

यात थोडा दोष माझाही आहे. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह झाला. तिथे कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः बांधलेलं सहा आसनी विमान मांडलं होतं. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं! ते खाली आणायला सुटं करून क्रेन लावावी लागली. मी ती बातमी दोनदा वाचली, कात्रण कापलं आणि अमेरिकेत मुलाला पाठवून दिलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्या विमानाची व्हीटी-एनएमडी या नावाने नोंदणी झाली, तीही बातमी पाठवली. मला वाटलं, पोराला गंमत वाटेल. पोराला गंमत वाटलीच. लहानपणी राजघाटासमोर नदीत जो दगडी हत्ती आहे, त्याच्या पाठीवर बसून हा तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. काही दिवसांनी त्याचा फोन आला, "बाबा, मी एक किट मागवलंय." मी समजलो, शेगडीबिगडीचं असेल.

2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं विस्कॉन्सिनला त्याच्याकडे गेलो तेव्हा मोटार बाहेर ऊन खात उभी होती आणि गॅरेजात विमान होतं. पंख भिंतीला टेकवून ठेवलेले. धड अॅल्युमिनियमचं, हजारो रिवेट मारलेलं, हात फिरवला तर रिवेटची डोकी लागू नयेत इतकं साफ. मला खरोखर अभिमान वाटला. माझ्या हाताखालच्या पोरांनी एवढी सफाई कधी दाखवली नव्हती. तिकडे कायद्याने अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असावं लागतं. त्यामुळे हा प्रत्येक दिवसाचं काम फोटोसकट वहीत लिहून ठेवत होता. मी वही चाळली. डिसेंबरपर्यंत पानं भरभर जात होती. जानेवारीनंतर एकच शब्द पुन्हापुन्हा येत होता: दारं.

"तुम्ही नुसते बघा हं बाबा," तो म्हणाला. "हे लाकूड नाहीये."

बघितलं. धड धातूचं असलं तरी माथ्याचं छत आणि दोन्ही दारं काचधाग्यांची, म्हणजे फायबरग्लासची होती. बिजागऱ्या वर, छताच्या मध्याशी. दार वर उचलायचं, दोन्ही उघडली की पक्षी पंख पसरून उभा असल्यासारखं दिसतं. कडी फिरवली की दाराच्या पुढच्या आणि मागच्या कडेतून एकेक पोलादी खिळा सरकून चौकटीत शिरतो. डावं दार लावलं. वर बसलं, पुढे बसलं. मागचा खालचा कोपरा मात्र धडापासून सुटून बाहेर उभा. मी पट्टी लावली.

"पाच सूत," मी म्हटलं.

तो हसला. सूत हा शब्द त्याने कित्येक वर्षांनी ऐकला असेल. एका इंचाचे आठ सूत. इकडे शाळेत कधीची मीटर-सेंटीमीटर आली तरी सुताराच्या तोंडी सूतच आहे, आणि गंमत म्हणजे अमेरिकन टेपवरही इंचाचे आठ भाग पाडलेले. त्या गॅरेजात मला पहिल्यांदा परकं वाटलं नाही ते त्या टेपमुळे. उजवं दार दोनच सूत बाहेर होतं.

दोन सूत, पाच सूत हे घराच्या दाराला काहीच नाही. घराचं दार नाही बसलं तर मांजर आत येतं. विमानाचं तसं नाही. विमान वेगात असताना छताच्या फुगीर पाठीवरून हवा जोरात धावते आणि तिथला दाब उतरतो. आतला दाब दाराला बाहेर ढकलतो. वादळात पत्र्याचं छप्पर वरच्या बाजूला ओढलं जातं, तसंच. कोपरा आधीच सुटलेला असेल तर वाऱ्याला बोट घालायला जागा मिळते, आणि मागचा खिळा चौकटीत पूर्ण शिरला की नुसता कडेला अडकला, हे आतून कळत नाही. अशा हौशी विमानांची दारं हवेत उघडून उडून गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तर पुढे खिळा पूर्ण बसल्याचं सांगणारे दिवे आले. मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. 3 मार्च 1974 ला पॅरिसजवळ डीसी-10 विमान कोसळून 346 माणसं गेली, ती मालाच्या दारापायी. कडी लागल्यासारखी दिसत होती, लागली नव्हती. मुलाने हे सगळं मला पहिल्याच रात्री जेवताना सांगितलं. सौ.ने भाकरी मोडता मोडता विचारलं, "मग उडायचं कशाला?" त्याला उत्तर नव्हतं. मलाही नव्हतं.

माझी पहिली शंका चौकटीवर. वडिलांची सवय: दार बसत नसेल तर आधी दाराकडे बघायचं नाही. पण या चौकटीला गुण्या कुठे लावणार? सगळीकडे गोलाई. सरळ रेघच नाही. दोन दिवस मी नुसता फिरत राहिलो. मग सुतळी मागितली. चौकटीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरके कर्ण ताणले. सपाट चौकटीत पीळ नसेल तर दोन्ही सुतळ्या मध्ये एकमेकींना टेकतात. ही चौकट वाकडीच, तिथे त्या टेकणार नाहीत; पण त्यांच्यातलं अंतर मोजता येतं. डाव्या चौकटीचं मोजलं, उजव्या चौकटीचं मोजलं. अंतर तेच. मग दार उतरवून टेबलावर घेतलं, त्याच्या कोपऱ्यांना सुतळ्या लावल्या. अंतर निराळं. चौकट निर्दोष सुटली. मुलगा हे सगळं फोनवर टिपत होता. त्याच्या मित्रांनी लेझर आणलं होतं म्हणे.

दार बिघडलं कसं, ते त्याच्या वहीतच लिहिलेलं होतं. दार एकसंध येत नाही. एक बाहेरचं कवच, एक आतलं. दोन्ही सुटी असताना सुपासारखी लवचिक, हातात धरून पिळली तर पिळतात. दोघांच्या कडांना इपॉक्सी राळ आणि कापसाचा बारीक भुगा यांचा लगदा लावून एकमेकांवर चिकटवायची. राळ वाळली की मध्ये पोकळ पेटी तयार होते, आणि पेटी पिळत नाही. दार मजबूत व्हावं म्हणूनच ही रचना. पण राळ वाळताना दोन कवचं ज्या आकारात धरलेली असतील, तोच आकार त्या पेटीला जन्मभरासाठी मिळतो. म्हणून हे चिकटवण्याचं काम दार विमानाच्या अंगावर दाबून धरून करायचं असतं. माझ्या चिरंजीवांनी जानेवारीच्या थंडीत, गॅरेज तापत नाही म्हणून, ते तळघरातल्या टेबलावर केलं. टेबल सपाट, विमानाचं अंग गोल. सुतार असता तर असं केलं नसतं, असं मी म्हणणार होतो. मग आठवलं, मी त्याला सुतार होऊ दिलं नव्हतं.

उन्हाळा चढत होता. त्याचा बेत ठरलेला: वर भरणी लावून, घासून, फट नजरेला दिसेनाशी करायची. म्हणजे रंधा मारण्याचाच प्रकार, फक्त उलटा. मी म्हटलं, थांब, आधी शेकून बघू. वाकलेली सागवानी पट्टी ओली करून, शेकून, वजन ठेवून सरळ करण्याचं काम मी हजारदा केलंय. दार चौकटीत लावलं, कोपरा शिकंज्याने आत ओढला, गरजेपेक्षा दोन सूत जास्तच, आणि उष्णतेचे दोन दिवे लावले. साध्या हवेत वाळवलेली राळ साधारण साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, असं त्याने वाचलं होतं. तो हातात तापमापक धरून उभा, मी दिवे पुढेमागे करत. तासाभराने दिवे बंद, शिकंजा रात्रभर तसाच. मला झोप लागली नाही. सकाळी चहा न घेता गॅरेजात गेलो, शिकंजा सोडला. कोपरा सावकाश, अगदी अदबीने, परत पाच सूत बाहेर आला. सव्वापाच असेल.

चार दिवस मी ते पुन्हा पुन्हा केलं. एकदा दिवा जवळ राहिला आणि कवचावर तळहाताएवढा पिवळा डाग पडला. मुलगा काही बोलला नाही, वहीत लिहिलं. तो डाग आता रंगाखाली आहे, पण मला जागा माहीत आहे. लाकूड ओलाव्याने, उबेने हळूहळू ऐकतं. आतले धागे सरकून नव्या जागी बसतात. या मालाचे धागे काचेचे. ते ऐकत नाहीत. सोडलं की जिथे होते तिथे.

मधल्या काळात जुलै संपत आला आणि आम्ही ऑश्कॉशला गेलो. पाऊण तासाचा रस्ता. दर जुलैअखेर तिथे हौशी विमानवाल्यांची जत्रा भरते; हजारो विमानं गवतावर ओळीने उभी, पंखाखाली तंबू, तंबूबाहेर वाळत घातलेले टॉवेल. आपल्याकडे जत्रेत बैल उभे करतात तशी. लोक वर मान करून कसरती बघत होते. मी दिवसभर दारं बघत हिंडलो. तसल्याच वर उघडणाऱ्या दारांची विमानं दिसली की खाली वाकून मागचा कोपरा बघायचा. कुणी भरणी भरली होती, कुणी जाड रबर लावून झाकलं होतं. बऱ्याच जणांनी दाराच्या मध्यावर तिसरी कडी बसवून दार बळजबरीने आत ओढलं होतं. एका म्हाताऱ्याने माझी पट्टी बघितली आणि आपलं दार उघडून आतल्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे जोडाच्या रेषेवर नवं काचकापड चिकटवल्याची बारीक उंचवट्याची पट्टी होती. त्याचं इंग्रजी मला नीट कळलं नाही. बोट कळलं.

परतताना गाडीत मला वडिलांचं एक काम आठवलं. शनवाऱ्याकडच्या एका वाड्याचं दोन झडपांचं दार. एक झडप पिळलेली. मी तेव्हा मॅट्रिकला. मला वाटलं, आता वजनं लावणार. वडिलांनी झडप उतरवली, लाकडी खुंट्या काढल्या आणि चौकटीचा एकच सांधा सुटा केला. कूस खाचेतून ओढली गेली तसा त्या झडपेने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि तो कोपरा आपोआप खाली बसला. फळी सरळच होती. कुणीतरी सांधा वाकडा ठोकला होता आणि बाकीची झडप इतकी वर्षं त्याला सांभाळून घेत होती. हे मी पोरांना शिकवलंही होतं. स्वतः मात्र चार दिवस दिवे घेऊन फळी शेकत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटलं, "जोड काप."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सहा महिन्यांचं काम होतं ते. तो रात्री उशिरापर्यंत संगणकावर वाचत बसला, कुणाकुणाला विचारलं, आणि सकाळी येऊन म्हणाला, "किती लांब?" मागच्या कडेने कोपऱ्यापासून चौदा इंच वर आणि खालच्या कडेने दहा इंच पुढे. बारीक पात्याने, बरोब्बर दोन कवचांच्या मधल्या लगद्याच्या रेषेतून. कवचाला धक्का नाही. पहिले सहा इंच काही झालं नाही. मग पातं अडकायला लागलं. त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मला आनंद झाला, कारण पातं अडकतं म्हणजे दोन बाजू एकमेकींवर सरकतायत. काप पूर्ण झाला तेव्हा आधी आडवी मारून ठेवलेली पेन्सिलची रेघ आतल्या आणि बाहेरच्या कवचावर एक सूतभर चुकलेली दिसली. एवढंच होतं ते. जोडातलं एक सूत कोपऱ्यात पाच सूत होऊन बसलं होतं.

बाकी काम कंटाळवाणं, पण तिथेच लोक मरतात. चौकटीला सगळीकडे गुळगुळीत चिकटपट्टी लावली, वर मेण घासलं. नाहीतर राळ ओघळून दारच विमानाला कायमचं चिकटायचं. दार बिजागरीवर चढवलं, दोन्ही खिळे आत सरकवले. कोपरा आत ढकलायला मी गॅरेजच्या भिंतीपासून लाकडाचा टेकू दिला आणि पाचर मारली, एक सूत जास्त आत. सिरिंजने लगदा फटीत भरला, सगळीकडून बाहेर येईपर्यंत. वर चादरीचा तंबू, आत एक बल्ब. दोन रात्री कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. नातवाला कळलं नाही, त्याने एकदा पाचरेवर बसायचा प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी पाचर काढली. मी बाजूला उभा राहिलो, मुलाला सांगितलं, पट्टी तू लाव. कोपरा थोडा परत आला आणि थांबला. अर्धं सूत आत. रबर बसल्यावर बरोबर होणार. मग जोडावर काचकापडाच्या दोन पट्ट्या, घासकाम, झालं. उजव्या दाराला मी हात लावू दिला नाही. दोन सूत रबरात जातील, भरणी लाव, म्हटलं. तो म्हणाला, "पण बाबा, तेही तसंच करू ना." मी नाही म्हटलं. सगळीच दारं कापायची नसतात. खरं कारण असं की मी थकलो होतो.

त्या रात्री त्याने वहीत लिहिलं, मी नंतर बघितलं: 'डावं दार, मागचा कोपरा. मदत: बाबा.'

ऑक्टोबरात आम्ही परतलो. विमानाला रंग अजून बाकी होता. दाराजवळ, आत शिरताना वाचता येईल असं 'एक्सपेरिमेंटल' हे किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावंच लागतं, तेवढं मात्र त्याने मला लावायला दिलं. 5 जानेवारी 2024 ला पोर्टलंडहून उडालेल्या एका 737 मॅक्स 9 विमानाची, वापरात नसलेल्या दाराच्या जागी बसवलेली झडप हवेत निखळून पडली. तपासात निघालं, ती धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. मुलाने मला त्या भगदाडाचा फोटो पाठवला. खाली एक अक्षर नाही. मीही काही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी त्याने सांगितलं, तिसरी कडी आणि दिवे दोन्ही बसवले.

जूनमध्ये विमान उडालं. सुरुवातीचे ठरावीक तास प्रवासी म्हणून कुणाला सोबत घ्यायचं नाही असा नियम आहे. सौ.ला तो नियम फारच आवडला, म्हणजे तिला सून आणि नातवाची काळजी नको. चौथ्या उड्डाणानंतर त्याचा फोन आला. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळ.

"दार?" मी विचारलं.

"एकदम घट्ट. पण बाबा, एकशे चाळीस नॉटच्या वर गेलं की डाव्या मागच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते."

"किती फट आहे?"

"कागद जातो. पट्टी नाही जात."

"रबर नवं आहे. उन्हाळाभर दबू दे. काही करू नकोस, दिवाळीनंतर बघ."

तो मोठ्याने हसला. "बाबा, हे सागवान नाहीये."

"माहीत आहे मला."

सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला जेवलास का विचारायला लागली. मी मागच्या दाराकडे गेलो. रात्री मृगाची पहिली सर येऊन गेली होती. अंगण ओलं होतं, तापीकडून मातीचा वास येत होता. दार ओढलं. घासलं नाही. वाकून बघितलं, उंबऱ्यापाशी अजून एक सूत जागा होती.